पूल जाळला, कनिझा राहिली: मिक्लोश झ्रीन्यीची 1664 ची मोहीम

1 फेब्रुवारी 1664 ला हंगेरियन फौजांचा सेनापती मिक्लोश झ्रीन्यी ओसियेकच्या समोर, द्रावा नदीच्या उत्तरेला येऊन पोचला. दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्या माणसांनी ऑटोमन साम्राज्याचा हंगेरीतला सर्वांत महत्त्वाचा पूल पेटवून दिला होता. त्यानंतर चार महिन्यांनी, जूनच्या सुरुवातीला, त्याच जागी द्रावा ओलांडून आलेली ऑटोमन महावजिराची फौज जवळ पोचली म्हणून त्याला कनिझा या तुर्की किल्ल्याचा वेढा उठवावा लागला. हंगेरीत पहिली गोष्ट अभिमानाने सांगतात आणि दुसरीचा दोष व्हिएन्नातल्या हाब्सबुर्ग दरबाराच्या माथी मारतात. त्या दोषात तथ्य आहेच. पण दोन्ही घटना एका धाग्यात ओवून, दिवस आणि अंतरे मोजून पाहिल्या तर अपयशाची बरीचशी कारणे यशाच्या पोटातच सापडतात. ती इथे उलगडायची आहेत.

माणूस आणि त्याची जागा

झ्रीन्यीचा जन्म 1620 चा. क्रोएशियन भाषेत त्याचे नाव निकोला झ्रिन्स्की. घराणे मूळचे क्रोएशियन, जहागिरी हंगेरीच्या राजमुकुटाखालची, आणि तो मुकुट हाब्सबुर्ग सम्राटाच्या डोक्यावर. 1541 मध्ये बुडा तुर्कांकडे गेल्यापासून हंगेरीचे तीन तुकडे झाले होते: पश्चिम-उत्तरेची पट्टी हाब्सबुर्गांकडे, मधला प्रदेश ऑटोमनांकडे आणि पूर्वेला ट्रान्सिल्व्हानियाचे मांडलिक राज्य. झ्रीन्यीचे मुख्य ठाणे चाकटोर्न्या (आजचे चाकोवेट्स) मूरा आणि द्रावा या नद्यांच्या दुआबात होते. तिथून तुर्की सरहद्द इतकी जवळ होती की त्याला राजकारण दरबारात शिकावे लागले नाही. ते रोज दारात येत होते.

आईवडिलांमागे त्याच्या शिक्षणाची व्यवस्था कार्डिनल पेतेर पाझमानी याच्या देखरेखीखाली झाली. तरुणपणीच त्याने इटलीचा प्रवास केला. 1647 मध्ये तो क्रोएशियाचा बान, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणारा अधिकारी, झाला. 1655 मध्ये हंगेरीच्या नाडोरपदासाठी, म्हणजे राजानंतरच्या सर्वोच्च पदासाठी, तो इच्छुक होता. दरबाराने त्याचे नाव निवडणुकीच्या यादीतच घातले नाही आणि ते पद फेरेंक वेशेलेन्यीकडे गेले. दरबाराचा त्याच्यावर विश्वास नव्हता आणि सरहद्द मात्र त्याच्यावाचून सांभाळली जात नव्हती. 1664 चे सगळे प्रकरण या अडचणीच्या नात्यावर उभे आहे.

तो कवीही होता. 1566 मध्ये सुलतान सुलेमानने सिगेतवारला वेढा घातला, तेव्हा तो किल्ला लढवताना याच नावाचा त्याचा पणजोबा मारला गेला. त्या वेढ्यावर त्याने पंधरा सर्गांचे महाकाव्य लिहिले आणि ते 1651 मध्ये व्हिएन्नात छापले. आपल्या विषयाला त्याचा गद्य प्रबंध जास्त जवळचा आहे. 1660-61 च्या सुमारास लिहिलेल्या या प्रबंधात त्याने तुर्की सत्तेला अफूची उपमा दिली आणि तिच्यावरचा उतारा सांगितला: हंगेरीची स्वतःची, नियमित पगाराची, शिस्तीची 12,000 माणसांची कायम फौज. परक्याच्या मदतीवर विसंबू नका, परका आपल्या सोयीने येतो आणि आपल्या सोयीने जातो, असा त्याच्या मांडणीचा गाभा आहे. हा प्रबंध त्याच्या हयातीत छापला गेला नाही. ती फौजही उभी राहिली नाही. पुढे कनिझासमोर काय झाले ते वाचताना हे ध्यानात असू द्यावे.

तीन ठिकाणे: कनिझा, नवा किल्ला आणि पूल

कनिझा हा दलदलीतला बुरुजबंद किल्ला. 1600 मध्ये तो तुर्कांच्या हाती गेला आणि एका ऑटोमन प्रांताचे मुख्य ठाणे बनला. पुढच्याच वर्षी आर्चड्यूक फर्डिनांडने तो परत घेण्यासाठी मोठी फौज आणली. वेढा नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला, थंडीने छावणीची दैना झाली आणि फौज तोफा-तंबू टाकून परतली. तेव्हापासून ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतावर आणि झ्रीन्यीच्या मुलखावर पडणारे छापे कनिझातूनच निघत.

जून 1661 मध्ये झ्रीन्यीने मूरा नदीच्या पलीकडच्या, म्हणजे कनिझाच्या बाजूच्या काठावर, मूरा-द्रावा संगमाजवळ नवा किल्ला बांधायला घेतला. त्याचेच नाव त्याला मिळाले: झ्रीन्यी-उयवार, झ्रीन्यीचा नवा किल्ला. 1606 च्या झित्वातोरोकच्या तहाने सरहद्दीवर नवे किल्ले बांधायला मनाई होती, म्हणून तुर्कांनी तक्रार केली. व्हिएन्नाने पाडायला सांगितले, झ्रीन्यीने पाडला नाही. लष्करी दृष्टीने त्याची गरज उघड आहे. नदीच्या अलीकडे बसून कनिझावर दाब ठेवता येत नाही, पलीकडे पाय रोवायला जागा हवी. पण किल्ला लहान होता, बाहेरची संरक्षक कामे अपुरी होती आणि जवळच्या उंचवट्यावरून तो माऱ्यात येत होता. सम्राटाचा सेनापती रायमोंदो मोंतेकुक्कोली याने हे दोष नेमके दाखवले. त्याच्याशी झ्रीन्यीचे वैर होते म्हणून त्याचे म्हणणे सोडून देणे बरोबर नाही. जागेची निवड हल्ल्याच्या दृष्टीने उत्तम आणि बचावाच्या दृष्टीने वाईट होती.

तिसरे ठिकाण पूल. बेलग्रेडहून हंगेरीत शिरणाऱ्या कोणत्याही मोठ्या फौजेला द्रावा ओलांडावीच लागे. ओसियेकजवळ नदीच्या उत्तरेला दार्डापर्यंत मैलोगणती दलदल पसरलेली होती. म्हणून तिथे नुसता नदीवरचा पूल पुरत नव्हता, सगळ्या दलदलीवरून जाणारा लाकडी रस्ता हवा होता. 1566 मध्ये सुलेमानच्या मोहिमेत तो बांधला गेला: ओसियेक ते दार्डा सुमारे 8 किलोमीटर लांब, सुमारे 6 मीटर रुंद, दलदलीत ठोकलेल्या खांबांवर फळ्यांचा. ज्या मोहिमेत झ्रीन्यीचा पणजोबा पडला त्याच मोहिमेचा हा पूल, पणतूच्या हातात जवळजवळ शंभर वर्षांनी आला. झ्रीन्यीला हे माहीत होते आणि त्याच्या काळच्या वाचकांनाही. तरी पूल निवडण्यामागचे कारण सूडाचे नव्हते. बेलग्रेडकडून बुडा, सिगेतवार, पेच आणि कनिझा या चारही ठाण्यांकडे जाणारी जड वाहतूक इथून जाई. तोफा, दारूगोळा आणि धान्याचे गाडे दुसरीकडून नेता आले असते, पण त्यात आठवडे गेले असते.

हिवाळाच का

1663 मध्ये महावजीर क्योप्रुलू फाझिल अहमद पाशा मोठी फौज घेऊन आला आणि सप्टेंबरमध्ये त्याने एर्शेकउयवार (आजचे नोव्हे झामकी) घेतले. संकट दारात आल्यावर दरबाराने झ्रीन्यीला हंगेरियन फौजांचा सेनापती नेमले. मग हिवाळा आला आणि वजीर बेलग्रेडला छावणीत गेला.

ऑटोमन युद्धाचे एक ठरलेले वेळापत्रक होते. साधारण मेच्या सुरुवातीला, हिझिरच्या दिवशी, मोहिमेचा हंगाम उघडे आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला, कासिमच्या दिवशी, मिटे. जहागिरीच्या उत्पन्नावर घोडा बाळगणारे सिपाही कासिमनंतर वसुलीसाठी आपापल्या गावी जात. त्यांना पुन्हा गोळा करायला आठवडे लागत. म्हणजे जानेवारीत सरहद्दीवरच्या ठाण्यांत फक्त शिबंदी असे आणि तिच्या मदतीला लगेच कोणी येण्यासारखे नसे.

दुसरे कारण जमिनीचे. या प्रदेशात उन्हाळ्यात रस्ता म्हणजे चिखल किंवा बांध, कारण द्रावेच्या काठाने मैलन् मैल पाणथळ आहे. कडक थंडीत तेच पाणी गोठते. घोडदळ आणि हलक्या तोफा बर्फावरून जातात. दलदलीतले किल्ले ज्या पाण्याच्या आधाराने उभे असतात, तेच पाणी हल्लेखोराची वाट बनते.

तिसरे कारण पोटाचे, आणि ते बहुतेक वर्णनांत निसटते. घोड्याला दिवसाला वैरण आणि दाणा मिळून साधारण 10 किलो लागतात. दहा हजार घोडे धरले तर रोज 100 टन. एका गाडीत अर्धा टन मावतो असे मानले तर फक्त घोड्यांच्या एका दिवसासाठी 200 गाड्या. तीन आठवड्यांची रसद बरोबर नेणे केवळ अशक्य. म्हणून अशी मोहीम शत्रूच्या मुलखातल्या साठ्यांवरच चालते, आणि ते साठे जानेवारीत भरलेले असतात: गेल्या पिकाचे धान्य कोठारात, गवताच्या गंजी उभ्या, ठाण्यांत वजिराच्या पुढच्या मोहिमेसाठी जमा केलेला माल. वसंतात हे काहीच शिल्लक राहत नाही. झ्रीन्यीला जानेवारीत निघायचे होते ते यासाठी. स्वतः खायचे आणि जे खाता येणार नाही ते जाळून वजिराला मिळू द्यायचे नाही.

21 जानेवारी ते फेब्रुवारीचा मध्य

फौज दोन भागांची होती. झ्रीन्यीकडे हंगेरियन आणि क्रोएशियन माणसे: सरहद्दीच्या ठाण्यांतले शिपाई, सरदारांच्या स्वतःच्या तुकड्या. दुसरा भाग जर्मन, त्यात मुख्यतः ऱ्हाईन संघाची, म्हणजे जर्मन राजेरजवाड्यांच्या युतीची पलटणे, वोल्फगांग युलियुस फॉन होहेनलोहे याच्या हाताखाली. एकूण आकडा साधारण 20 ते 25 हजारांच्या घरात. पाल एस्टरहाझी हा तरुण सरदारही बरोबर होता. पुढे तो नाडोर झाला आणि या मोहिमेचे लॅटिन वर्णन त्यानेच लिहून ठेवले.

21 जानेवारीला झ्रीन्यी-उयवारहून कूच झाले. दुसऱ्याच दिवशी बेर्झेंसे पडले. तिथल्या शिबंदीने लढण्यापेक्षा वाट मागून निघून जाणे पसंत केले. दोन-तीन दिवसांनी बाबोचाही तसेच हाती आले. इथे झ्रीन्यीच्या पद्धतीकडे लक्ष द्यावे. लहान ठाण्यांसमोर एकदम मोठी फौज उभी करायची, शरणागतीच्या अटी सोप्या ठेवायच्या आणि दिवसभरात पुढे निघायचे. जे ठाणे एका-दोन दिवसांत हाती येणार नाही, ते वळसा घालून मागे सोडायचे. सिगेतवार असेच सोडले. पणजोबाचा किल्ला डोळ्यांसमोर असताना त्याने वेढ्यात एक दिवसही घालवला नाही. सेनापती म्हणून त्याची किंमत आम्ही याच निर्णयावरून करू.

27 च्या सुमारास फौज पेचसमोर होती. झ्रीन्यी-उयवारहून पेच सरळ रेषेत सुमारे 105 किलोमीटर. वाटेत दोन ठाणी घेऊन हे अंतर आठवड्याच्या आत कापले गेले, तेही भर हिवाळ्यात. एक-दोन दिवसांत शहराच्या तटावर हल्ला करून ते घेतले. शहर मोठे, श्रीमंत आणि ऑटोमन प्रदेशातल्या सुंदर शहरांपैकी एक होते. शिपायांनी ते लुटले आणि पुढे परतताना ते जाळले. शहरात तुर्क होते तसे ख्रिस्ती रहिवासीही होते. मुक्तीची मोहीम म्हणून हिचे वर्णन करताना पेचच्या लोकांच्या वाट्याला काय आले ते झाकून ठेवणे योग्य नाही.

शहर पडले, आतला किल्ला पडला नाही. शिबंदी त्यात मागे सरली आणि टिकली. जलद चालीसाठी जड तोफा मागे ठेवाव्या लागतात, जड तोफा नसल्या तर दगडी तटाला भगदाड पडत नाही, आणि जमीन गोठलेली असली की चर व सुरुंग खणणे जवळपास अशक्य होते. ज्या थंडीने दलदल ओलांडायला मदत केली, तिनेच कुदळ बोथट केली. शिवाय लुटीच्या मालाने लादलेली फौज हल्ल्याला नाखूश असते. हे त्या काळच्या सगळ्याच फौजांचे दुखणे होते.

झ्रीन्यीने इथे फौज वाटली. होहेनलोहेला किल्ल्यासमोर ठेवून तो स्वतः मुख्यतः घोडदळ घेऊन ओसियेककडे निघाला. अंतर सुमारे 70 किलोमीटर, दोन दिवसांची चाल. दार्डाचे लाकडी तटबंदीचे ठाणे पुलाच्या उत्तर टोकावर पहारा द्यायला होते. ते हाती आले आणि जाळपोळ सुरू झाली.

8 किलोमीटर लाकूड जाळायचे म्हणजे

वाचायला सोपे वाटते. पण शंभर वर्षे दलदलीत उभे असलेले, हिवाळ्यात ओले नाहीतर बर्फाळलेले जाड लाकूड एका मशालीने पेटत नाही. खाली ज्वालाग्राही माल रचावा लागतो आणि तो पुलाच्या लांबीभर थोड्या थोड्या अंतरावर रचावा लागतो, नाहीतर आग एका तुकड्यात जळून थांबते. त्यासाठी माणसे पुलाखालच्या दलदलीत उतरवावी लागतात. उन्हाळ्यात ते शक्य नव्हते, गोठलेल्या जमिनीवर होते. हिवाळा निवडण्याचे हे आणखी एक कारण, आणि कदाचित सर्वांत व्यावहारिक. काम संपायला दोन दिवस लागले.

आता मर्यादा. आग पाण्याच्या आणि बर्फाच्या वरचे लाकूड खाते. फळ्या, तुळया, कठडे आणि खांबांचे वरचे भाग जातात. बर्फाखालचे खुंट राहतात. तसेच नदीच्या दक्षिण काठावरचे ओसियेक शहर आणि त्याचा किल्ला तुर्कांकडेच राहिला. झ्रीन्यीपाशी तो घ्यायला ना तोफा होत्या ना वेळ. म्हणजे पुलाचे एक टोक, तिथले सुतार, कोठारे आणि बेलग्रेडशी जोडणारा जलमार्ग शत्रूच्या हातात शाबूत होता. लाकडाची या प्रदेशात कमतरता नाही. अशा परिस्थितीत पूल पुन्हा उभा राहणार हे नक्की होते, प्रश्न फक्त किती आठवड्यांत एवढाच. झ्रीन्यीलाही ते कळत होते. त्याने पूल नष्ट केला असे म्हणण्यापेक्षा त्याने वेळ विकत घेतला असे म्हणणे जास्त अचूक आहे.

तो पेचला परतला. किल्ला अजून लढत होता. 6 फेब्रुवारीच्या सुमारास वेढा उठवून फौज मागे फिरली, वाटेत शेगेश्द घेतले आणि महिन्याच्या मध्यापर्यंत सगळे घरी होते. चार आठवड्यांच्या आत, सरळ रेषेत सुमारे 160 किलोमीटर आत शिरून परत. युरोपभर झ्रीन्यीचे नाव झाले. स्पेनच्या राजाने त्याला सुवर्णलोकर हा मानाचा किताब दिला.

बारा आठवडे

प्रकरणाची खरी गाठ इथे आहे. पूल 2 फेब्रुवारीला जळाला. कनिझाचा वेढा एप्रिलच्या अगदी शेवटी सुरू झाला. मध्ये बारा आठवडे गेले.

झ्रीन्यीची योजना सलग होती: पूल तोडून मदतीची वाट लांबवायची आणि वजीर यायच्या आत, शक्यतो बर्फ असतानाच, कनिझा घ्यायची. त्यासाठी लागणार होत्या वेढ्याच्या जड तोफा, दारू, गोळे, खणकरी आणि धान्य. यातले काहीच झ्रीन्यीच्या हातात नव्हते. साहित्य यायचे ते स्टायरियातल्या ग्राझच्या बाजूने, आणि तिथली युद्धपरिषद व्हिएन्नाच्या युद्धपरिषदेपेक्षा वेगळी होती. निर्णयाला दोन कचेऱ्या, पैशाला तिसरी.

शिवाय धोरणाचाच वाद होता. मोंतेकुक्कोलीला युद्धाचा भार डॅन्यूबवर हवा होता, कारण तिथे नदीतून रसद नेता येते आणि एका मोठ्या फौजेने निर्णायक लढाई देता येते. सरहद्दीवरचा एकेक किल्ला घेत बसणे त्याला शक्तीचा अपव्यय वाटे. विचार म्हणून यात खोट नाही. 1664 चा शेवटचा आराखडा मात्र सगळ्यांना थोडे थोडे देणारा झाला: डॅन्यूबवर मुख्य फौज, उत्तरेला सम्राटाचा सेनापती द सूश याची फौज, दक्षिणेला कनिझासाठी झ्रीन्यी, होहेनलोहे आणि सम्राटाचा सेनापती पेतेर स्त्रोत्सी यांची संयुक्त फौज. उत्तरेच्या फौजेने चांगले काम केले. मेच्या सुरुवातीला न्यित्रा घेतली, जुलैत लेवाजवळ लढाई जिंकली. तिथे एकच सेनापती होता. दक्षिणेला तीन होते आणि तिघांचे धनी वेगळे.

आणि इथेच हिवाळी मोहिमेचा उलटा परिणाम दिसतो. फेब्रुवारीत झ्रीन्यीची बरीच माणसे घरी गेली, कारण ती कायम पगारावर नव्हती. जो मुलूख जाळला होता तो वसंतातल्या वेढ्याला काही खायला घालणार नव्हता, म्हणून सगळी रसद मागून, स्टायरियाकडून ओढावी लागणार होती. ज्या बर्फावरून कनिझाच्या तटापर्यंत जाता आले असते तो मार्चमध्ये वितळला. पूल जाळून मिळालेला वेळ मोठा होता, पण तो खर्च करायला लागणारी साधने दुसऱ्याच्या तिजोरीत होती. 12,000 च्या कायम फौजेची मागणी त्याने तीन-चार वर्षांपूर्वी केली होती ती नेमकी या स्थितीसाठी.

वेढा, आणि त्यानंतरचा महिना

एप्रिलअखेर सुरू झालेल्या वेढ्याचे वर्णन लांबवण्यात अर्थ नाही. ओल्या जमिनीत मोर्चे पुढे सरकवायचे तर चर खणताच पाणी भरते. चर उथळ ठेवले तर माणसे तटावरून टिपली जातात. मग मातीऐवजी फांद्यांच्या मोळ्या आणि टोपल्यांनी आडोसा उभारायचा, आणि हे काम संथ आहे. तोफा कमी होत्या, दारूगोळा पुरेसा येत नव्हता, तिघांचे पटत नव्हते. आतली शिबंदी चिवट होती आणि मदत येणार हे तिला ठाऊक होते.

मदत आलीच. वजिराने पुलाच्या दुरुस्तीचे काम तातडीने करवून घेतले होते. मे महिन्यात तो बेलग्रेडहून निघाला, ओसियेकला द्रावा ओलांडली आणि सिगेतवारमार्गे कनिझाकडे आला. जूनच्या पहिल्या दोन दिवसांत वेढा उठला. वेढा चालला तो जेमतेम पाच आठवडे. हेच पाच आठवडे मार्चच्या सुरुवातीपासून मिळाले असते तर कनिझा पडलीच असती असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण वजीर येऊन ती सोडवू शकला नसता, कारण तेव्हा त्याच्याकडे पूलही नव्हता आणि सिपाहीही नव्हते.

फौज मूरेच्या पश्चिम काठावर मागे सरली आणि झ्रीन्यी-उयवार एकटा पलीकडे उरला. आता त्याच्या जागेचे दोष उघडे पडले. तुर्कांनी उंचवट्यावर तोफा चढवल्या आणि चर पुढे सरकवले. स्त्रोत्सी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात नदीकाठच्या झुंजीत मारला गेला. महिन्याच्या मध्यावर मोंतेकुक्कोलीने सूत्रे घेतली. किल्ला वाचवण्यासाठी नदी ओलांडून लढाई द्यावी असे झ्रीन्यीचे म्हणणे, तर जर्मन साम्राज्याच्या आणि फ्रान्सच्या तुकड्या येईपर्यंत मूरेची रेषा धरून ठेवायची आणि अपुऱ्या फौजेने जुगार खेळायचा नाही हे मोंतेकुक्कोलीचे. किल्ल्यात माणसे आळीपाळीने पाठवली जात राहिली. 30 जूनला तुर्कांनी तो हल्ला करून घेतला, माघार घेणारी माणसे नदीवरच्या पुलाकडे धावली आणि अनेक बुडाली. 7 जुलैला तुर्कांनीच तो सुरुंग लावून उडवला. त्यांना तो ठेवायचा नव्हता. त्यांना तिथे काही नको होते, आणि जागेचे महत्त्व त्यांनी किती जोखले होते ते यावरून दिसते.

मोंतेकुक्कोलीचा हिशेब पुढे बरोबर ठरला. 1 ऑगस्टला सेंटगोत्थार्डजवळ राबा नदीवर त्याने वजिराचा पराभव केला. पण 10 ऑगस्टला वाश्वारला जो तह झाला त्यात जिंकलेल्याने हरल्यासारख्या अटी मान्य केल्या: 20 वर्षांची शांतता, वाराद (आजचे ओरादेया) आणि एर्शेकउयवार तुर्कांकडेच, सम्राटाकडून 2 लाख फ्लोरिनची भेट आणि झ्रीन्यी-उयवार पुन्हा बांधायचा नाही. हंगेरीच्या सरदारांना या वाटाघाटीत कोणी विचारले नव्हते. सम्राटाची नजर पश्चिमेकडे, स्पेनच्या वारशावर आणि फ्रान्सवर होती. व्हिएन्नातून पाहिले तर निर्णयाला तर्क होता. चाकटोर्न्यातून पाहिले तर चार वर्षांचे काम आणि शेकडो माणसे एका कागदावर पुसली गेली होती.

18 नोव्हेंबर 1664 ला चाकटोर्न्याजवळच्या कुर्शानेत्सच्या जंगलात शिकारीत जखमी रानडुकराने झ्रीन्यीला फाडले. वय 44. ट्रान्सिल्व्हानियाचा मिक्लोश बेथलेन त्या दिवशी तिथे होता आणि त्याने आत्मचरित्रात ते लिहून ठेवले आहे. घातपाताच्या अफवा तेव्हापासून आजपर्यंत चालू आहेत. प्रत्यक्ष हजर असलेल्या माणसाचे निवेदन असताना त्यांच्यावर विसंबण्याचे कारण नाही. तहाने चिडलेल्या सरदारांनी पुढे सम्राटाविरुद्ध कट केला, त्यात भाऊ पेतेर झ्रीन्यी होता. 30 एप्रिल 1671 ला वीनर नॉयश्टाटला त्याचे डोके उडवले गेले. मिक्लोशचा मुलगा आदाम 1691 मध्ये स्लांकामेनच्या लढाईत तुर्कांशी लढताना पडला.

कनिझाचे काय झाले तेही सांगायला हवे. 1683 मध्ये व्हिएन्नाचा वेढा फसल्यानंतर हाब्सबुर्ग फौजा दक्षिणेकडे उतरू लागल्या. ओसियेकचा पूल पुन्हा जाळला गेला, आणि 1687 मध्ये खुद्द ओसियेक सम्राटाच्या फौजेने घेतले. आता पुलाची दोन्ही टोके तिच्या ताब्यात होती आणि बेलग्रेडहून येणारी वाट बंद झाली होती. सिगेतवारने 1689 मध्ये शरणागती पत्करली. कनिझासमोर या वेळी कोणी मोर्चे खणले नाहीत, तटाला भगदाडही पाडले नाही. वाटा रोखून धरल्या, कोठारे रिकामी होऊ दिली, आणि एप्रिल 1690 मध्ये उपाशी शिबंदीने दरवाजे उघडले. बारा वर्षांनी, 1702 मध्ये, दरबाराच्या हुकमाने तो किल्ला पाडून टाकण्यात आला.